आडव्या पट्टीवरचे मैल

मी एक जुना पितळी कर्कटक आहे. तुमच्या कंपासपेटीत दोन्ही टोकांना सुया असलेलं एक हत्यार असतं ना, ते माझ्याच कुळातलं, पण फार खालच्या शाखेतलं. मित्रांनो, मी तुम्हाला मित्रांनो म्हणतोय ते केवळ रीत म्हणून. तुमच्याबद्दल माझं मत काही बरं नाही. माझ्या धाकट्या भावंडांनी तुम्ही बाकावर नावं कोरता, पुढच्याच्या पाठीत टोचता, खोडरबराची चाळण करता, आणि अंतर मोजायची वेळ आली की पेटीत कर्कटकच नाही म्हणून शेजाऱ्याकडे हात पसरता. माझी गोष्ट ऐकायची असेल तर हात मांडीवर ठेवा आणि गप्प बसून ऐका.

माझा जन्म एका अरुंद गल्लीच्या टोकाला, तराजू आणि दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. कारागीर कमालीचा तिरसट होता. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी तो मान वर करत नसे. पण त्याचं काम चोख होतं. एकाच पितळी पट्टीतून त्याने माझे दोन्ही पाय कापले, म्हणजे एक जड आणि एक हलका व्हायला नको. टोकांना पोलाद बसवलं आणि तेलाच्या दगडावर इतका वेळ घासलं की त्याच्या स्वतःच्याच अंगठ्यातून रक्त आलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मी दर्यावर्दी माणसांसाठी केलेला कर्कटक आहे. माझे पाय वरच्या बाजूला वाकवून एकमेकांवरून नेले आहेत. वर दाबलं की मी उघडतो, खाली दाबलं की मिटतो. त्यासाठी एकच हात पुरतो. जहाज हलत असतं आणि दुसऱ्या हाताने माणसाला टेबल धरून ठेवावं लागतं. तुमच्या कंपासपेटीतल्या भावंडाला दोन हात लागतात आणि वर नशिबाला शिव्या.

मला मालवाहू जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने विकत घेतलं. जहाज कुठे आहे आणि कुठे जायचं आहे, हे सागरी नकाशावर मांडायचं त्याचं काम. तो अबोल होता. त्याच्या हातात मी आयुष्याची सगळी चांगली वर्षं घालवली. कागदावरच्या समुद्रावर आम्ही दोघे टाचा टेकत टेकत फिरलो. एकदा धुक्यात बंदराचं तोंड बरोबर सापडलं तेव्हा त्याने मला रुमालाने पुसलं आणि म्हणाला, "बरा आहेस." एवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं, आणि मला त्याहून जास्त नकोही होतं.

नोकरी संपल्यावर तो घरी आला आणि मी लाकडी डबीत गेलो. त्याला दोन मुली. थोरलीचा नवरा दातांचा डॉक्टर, धाकटीचा नवरा भूमापक, म्हणजे जमिनींची मोजणी करणारा. मी त्यांना डॉक्टर आणि मोजणीदार म्हणतो. मनात काय म्हणतो ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. दोन्ही जावयांना शिडाच्या नौका चालवायचा नाद होता आणि दोघे एकाच क्लबात जात. मोजणीदार रोज संध्याकाळी सासऱ्यांजवळ बसून जुन्या सफरींच्या गोष्टी ऐकायचा. आज ना उद्या कर्कटक आपल्याला मिळणार, हे त्याने मनात पक्कं धरलं होतं. डॉक्टर मात्र सासऱ्यांकडे सणासुदीपुरता यायचा, पण क्लबाची कप्तानाची परीक्षा आधी पास झाला. म्हाताऱ्याने जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, माझी डबी डॉक्टरपुढे सरकवली.

मोजणीदाराचा हात ताटातच थांबला. मग तो म्हणाला, "छान झालं. योग्य हातात गेला."

त्या वाक्यातलं विष त्या खोलीत फक्त मला कळलं.

त्यानंतर दोन्ही साडूंमधून विस्तव जाईना. म्हातारा गेल्यावर तर एकमेकांकडे जेवायला जाणंही बंद झालं. डॉक्टरने एका वाढदिवसाला बोलावलं नाही, मोजणीदाराने एका आजारपणात विचारपूस केली नाही, आणि दोघांनीही या गोष्टी बँकेतल्या ठेवीसारख्या जपून ठेवल्या. बहिणी भाजीच्या निमित्ताने बाजारात भेटत. पिशव्या हातात धरून कोपऱ्यावर उभ्या उभ्या बोलत, आणि कोथिंबीर सुकायला लागली की आपापल्या घरी जात. सख्ख्या बहिणींवर ही वेळ आणणाऱ्या त्या दोघांचा मला मनापासून राग होता आणि आजही आहे.

माझं म्हणाल तर डॉक्टरने मला दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात प्लास्टरच्या दातांच्या कवळ्यांमध्ये ठेवलं. येणारे-जाणारे विचारत, "हे कसलं हत्यार हो डॉक्टर?" आणि तोंडाचा आ वासूनच घाबरत. माझ्या अंगावर हिरवा गंज चढला. डाव्या-उजव्या बाजूने कवळ्या दात विचकून माझ्याकडे बघत. या कपाटातून एकदा तरी निघू दे, असं मला रोज वाटे.

ती वेळ बहिणींनी आणली. बाजाराच्या कोपऱ्यावर उभं राहून दोघींनी ठरवलं की चौघांनी मिळून एक नौका भाड्याने घ्यायची आणि उत्तरेकडच्या थंड समुद्रात आठवडाभर बेटाबेटांतून फिरायचं. त्यांचे वडील त्या पाण्याबद्दल नेहमी बोलायचे. तिथे उन्हाळ्यात धड अंधारसुद्धा पडत नाही म्हणायचे. दोघींपैकी कोणी तिकडे कधी गेलं नव्हतं, जावई तर नकाशातसुद्धा तिकडे फिरकले नव्हते. आणि घ्यायची ती नुसती नौका. नाखवा नाही, खलाशी नाही, स्वयंपाकी नाही. कंपनी किल्ली हातात देते आणि धक्क्यावर उभी राहून टाटा करते. याला बेअरबोट म्हणतात. सगळं आपलं आपण चालवायचं, म्हणून आखणीही आपली आपण करायची.

थोरलीने घरी दोघांना समोर बसवलं. "नीट ऐका. आखणी तुम्ही दोघांनी करायची. एका टेबलावर बसून, मिळून."

"मिळून?" डॉक्टर म्हणाला.

"हो, मिळून. आणि यातही तुम्ही एकमेकांचे पाय ओढलेत, तर यापुढे आम्ही तुम्हाला एकत्र बसवायचा नाद सोडला. आम्ही दोघी आमच्या आमच्या भेटू, आमच्या आमच्या फिरू. तुम्ही आपापल्या घरी बसून कुढा."

धाकटी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना? ताई गंमत करत नाहीये."

एका हिरव्या कापडाने पुसून मला कपाटातून बाहेर काढलं गेलं. मित्रांनो, त्या सहलीवर काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळलं असेल. दोन बहिणींना एका ताटात जेवता येणार की जन्मभर बाजारात उभ्याने बोलावं लागणार, एवढं. ते वाचवायची जबाबदारी जगातल्या सगळ्यात नालायक दोन माणसांवर आली होती.

आखणी थोरलीच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. नकाशाच्या कोपऱ्यांवर मिठाची बरणी, पाण्याचा तांब्या आणि दवाखान्यातून आणलेली एक कवळी ठेवली होती. त्या कवळीने माझा इथेही पिच्छा सोडला नाही. पहिलं भांडण नौकेच्या लांबीवरून झालं. डॉक्टरला मोठी हवी होती, मोजणीदाराला आटोपशीर. दुसरं भांडण झोपायच्या खोल्यांवरून. नौकेच्या नाकाडात जी खोली असते तिथला बिछाना टोकाला निमुळता होतो आणि नवराबायकोच्या पायांची कुस्ती होते. ती खोली आपोआप मोजणीदाराच्या वाट्याला आली, कारण डॉक्टर म्हणाला, "कप्तान मागच्या खोलीत झोपतो. तशी पद्धतच आहे."

"कप्तान कोण ते कधी ठरलं?"

"दाखला कोणाकडे आहे?"

"दाखला माझ्याकडेही आहे, डॉक्टर."

"तुमचा दुय्यमचा आहे, साडूबुवा. दोरी ओढायचा."

मोजणीदाराचे कान लाल झाले. त्याने मिठाची बरणी उचलून नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवली. डॉक्टरने ती पुन्हा पहिल्या जागी ठेवली. स्वयंपाकघरातून दोघी बहिणींचं हसणं ऐकू येत होतं. कितीतरी वर्षांनी त्या एका ओट्यापाशी उभ्या होत्या, उलट्या होऊ नयेत म्हणून कुठल्या गोळ्या न्यायच्या, डाळ किती न्यायची, यावर त्यांचं चाललं होतं. बाहेरच्या खोलीत काय शिजतंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

आता नीट लक्ष द्या, कारण शाळेत तुम्ही इथेच जांभया देता. सागरी नकाशाला दोन पट्ट्या असतात. कडेला उभी आणि खाली आडवी. मैल मोजायचे ते नेहमी उभ्या पट्टीवर. कारण काय? पृथ्वी संत्र्यासारखी आहे. फोडी मधे जाड असतात आणि देठाकडे जाताना निमुळत्या होत जातात. आडवी पट्टी फोडीची रुंदी सांगते, त्यामुळे जितकं उत्तरेला जावं तितका तिच्यावरचा एकेक भाग आखूड होत जातो आणि तिच्यावर मोजलेले मैल खऱ्याहून जास्त भरतात. पण आमच्याकडचं पाणी फोडीच्या जाड भागात आहे. तिथे आडव्या पट्टीवर मोजलं तरी फरक नखाएवढा पडतो. शिवाय टेबलाशी बसलं की नकाशाची खालची कड पोटाजवळ येते, हात लांब करावा लागत नाही. म्हणून या दोघांच्या क्लबात सगळेच आळशासारखे खालच्या पट्टीवर मैल मोजायचे. वर्षानुवर्षं कोणाचंही काही बिघडलं नव्हतं.

डॉक्टरने उत्तरेच्या नकाशावर तेच केलं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी एक चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडायची होती. भरतीचं पाणी त्या फटीतून नदीच्या पुरासारखं धावतं. दिशा बदलायच्या आधी ते थोडा वेळ थांबतं, आणि त्या थांबलेल्या वेळेतच छोट्या नौकांनी पलीकडे निघून जायचं असतं. लवकर पोचलात तर पुरात सापडाल. त्यामुळे अंतर किती आणि निघायचं कधी, यावर सगळं अवलंबून. डॉक्टरने माझे पाय फाकवले, बंदरापासून सामुद्रधुनीपर्यंत मला चालवलं आणि थेट खाली, पोटाजवळच्या पट्टीवर टेकवलं.

"पंचवीस मैल. ताशी पाच मैल धरू. पाच तास. पाणी थांबतं दुपारी बाराला. म्हणजे सकाळी सातला निघायचं."

मी जीव तोडून थरथरलो. पितळेच्या थरथरण्याला कोण विचारतो! पण मोजणीदाराची नजर माझ्या टोकांवर खिळली होती. त्याचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला. जन्म नकाशांत घालवलेला माणूस तो. त्याला कळलं.

तेवढ्यात डॉक्टरचा फोन वाजला. कोणाची तरी दाढ ठणकत होती. डॉक्टर गॅलरीत गेला. मोजणीदाराने मला उचललं. हात थंड होता त्याचा. त्याने तेच अंतर माझ्या पायांत घेतलं आणि उभ्या पट्टीवर टेकवलं. चौदा मैल. पुरते पंधराही नाहीत. तो बघत राहिला. मग त्याने मला डॉक्टरने ठेवलं होतं तसंच, त्याच कोनात, जागेवर ठेवून दिलं.

डॉक्टर आत आला. "काय, पटलं का?"

"तुम्ही कप्तान," मोजणीदार म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते खरं."

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळ माणसांची चीड आली आहे. पण त्या दिवशी त्या गोड आवाजाची जितकी आली तितकी कोणाचीच नाही. त्याचा डाव मला तिथल्या तिथे कळला. नौका ताब्यात देण्याआधी कंपनीचं माणूस कप्तानाला आखणी विचारतं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तिथे परक्या माणसासमोर, दोघी बहिणींच्या देखत, डॉक्टरची चूक निघेल, डॉक्टर तोंडघशी पडेल आणि कप्तानपद आपल्याकडे येईल. फक्त मूग गिळून बसायचं.

आम्ही उत्तरेला पोचलो. नौका पांढरी आणि देखणी होती, आणि तिच्यावर भाड्याच्या वस्तूंना येतो तसा साबणाचा वास होता. कंपनीची बाई गमबूट घालून आली. मोजणीदार पुढेच जाऊन बसला, लग्नात पहिल्या पंगतीला बसतात तसा. बाईने संडासाचा पंप कसा मारायचा ते दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं आणि मग प्रत्येकाकडून मारून घेतला. नांगर दाखवला. गॅस कुठे बंद करायचा ते दाखवलं. नकाशाच्या टेबलाशी आल्यावर तिने विचारलं, "आखणी केली आहे ना?"

"अगदी मैलन्‌मैल," डॉक्टर म्हणाला.

"छान," बाई म्हणाली, किल्ली दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

मोजणीदार तसाच बसून राहिला. आता त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं की पहिला प्रश्न येणार होता, तुला कधी कळलं?

पहिला दिवस सोपा होता. जवळच्या बेटावर जायचं होतं. डॉक्टरच्या हिशेबाने संध्याकाळ झाली असती, पण आम्ही दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच पोचलो. कोणाच्याही मनात शंका यायला हवी होती. डॉक्टर हात कमरेवर ठेवून म्हणाला, "बघितलंत? अर्ध्या वेळात! याला म्हणतात नौका चालवणं."

नौकेवर एक इलेक्ट्रॉनिक पडदा होता, नकाशा आणि अंतर दाखवणारा. धाकटी त्याच्यापाशी उभी राहून म्हणाली, "भाऊजी, याच्यावर अंतर वेगळंच दिसतंय."

"भाड्याचा पडदा तो. त्याचं काय मनावर घेतेस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मोजणीदार दोरीची गुंडाळी करत होता. ती सुटून त्याने पुन्हा केली.

त्या रात्री त्याने ठरवलं असावं की सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकायचं. सकाळी तो माझ्यापाशी आला, नकाशा सरळ केला, घसा खाकरला. तेवढ्यात वरून डॉक्टरचा आवाज आला. "ही गाठ कोणी मारली? लहान मुलं बुटाची नाडी बांधतात त्याहून वाईट आहे! साडूबुवा, तुमचीच ना?" बहिणी हसल्या. वाईट हेतूने नाही, सहज. मोजणीदाराने नकाशा होता तसा सोडला आणि वर गेला. चार माणसांचा जीव एका गाठीवरच्या टोमण्यापायी पणाला लावणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो राक्षस नव्हता. तुमच्यासारखाच दोन हात, दोन पायांचा, रुसलेला माणूस होता.

सातला निघालो. वारा समोरून होता, म्हणून शिडं गुंडाळून इंजिनावर. धाकटी नाकाडातल्या खोलीत झोपली, तिला मळमळत होतं. थोरली खाली सूप गरम करत होती. दहा वाजायच्या आत सामुद्रधुनी समोर आली. दोन काळ्या कड्यांच्या मधे पाणी पांढरं झालेलं दिसत होतं.

"इतक्यात?" डॉक्टर म्हणाला.

मग प्रवाहाने आम्हाला धरलं. डॉक्टरने नौका मागे वळवून इंजिन पूर्ण जोरात सोडलं. इंजिनाची ताकद ताशी सहा मैलांची, पाण्याची ओढ आठची. नाक माघारी होतं आणि आम्ही मात्र उलटे त्या फटीकडे ओढले जात होतो. फटीकडून येणारा वारा आणि खालचं पाणी एकमेकांवर आपटून लाटा भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या.

"वळवा डॉक्टर, वळवा! नाक पुढे करा, उलटे गेलो तर बुडू!"

"मला शिकवू नका!"

"वळवा म्हणतो ना!"

शेवटी त्यांनी दोघांनी मिळून सुकाणूचं चक्र ओढलं. वळताना नौका आडवी पडली. मी टेबलावरून उडालो आणि समोरच्या लाकडी फळीत रुतलो. तिथून मी सगळं पाहिलं. सुपाचं भांडं छताला लागलं. थोरली उडून टेबलाच्या कडेवर आपटली आणि तिच्या गळ्याखालच्या हासळीचं हाड मोडल्याचा आवाज झाला. धाकटी रांगत बाहेर आली आणि तिने बहिणीला मिठी मारून जमिनीशी दाबून धरलं, सांडलेल्या सुपात, डोळे गच्च मिटून. "ताई, मी आहे. ताई, मी आहे." ती एवढंच म्हणत होती.

सामुद्रधुनीने आम्हाला पलीकडे थुंकून टाकलं. खडकाला लागलो नाही, यात दोघांपैकी कोणाचीही करामत नव्हती.

जवळच्या बंदरातल्या डॉक्टरीणबाईंनी थोरलीचा हात गळ्यात बांधला. आमच्या दातवाल्या डॉक्टरला ते जमलं नाही. दुपारी चौघे नौकेतल्या टेबलाभोवती बसले. जमिनीवरचं सूप अजून पुसायचं होतं.

डॉक्टरने सुरुवात केली. "भरतीचा तक्ताच चुकीचा दिलाय कंपनीने. मी सोडणार नाही त्यांना."

"तक्ता बरोबर आहे," मोजणीदार म्हणाला.

"बरोबर कसा? बाराला पाणी थांबायला हवं होतं!"

"थांबलंही असेल बाराला. आपण दहालाच पोचलो. मैल चुकलेत, डॉक्टर! तुम्ही आडव्या पट्टीवर मोजलंत. उत्तरेत कोणी आडव्या पट्टीवर मोजतं का? पंचवीस नाहीत ते, चौदा आहेत. चौदा! मी तेव्हाच मोजून बघितलं होतं."

त्याने टेबलावर थाप मारली. इतक्या वर्षांनी तो जिंकला होता. तोंडावर हसू येऊ घातलं होतं. मग त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

"तेव्हाच म्हणजे कधी?" धाकटीने विचारलं.

त्याने थाप मारलेला हात टेबलावरून खाली घेतला.

"कधी रे?"

"घरी. ताईंच्या टेबलावर. मला वाटलं, कंपनीची बाई विचारेल, आणि..."

"आणि भाऊजींची फजिती होईल."

"हो."

"आणि ती विचारत नाही म्हटल्यावर?"

त्याने नकाशाची दुमडलेली कड सरळ केली.

"मी पुढे झोपले होते," धाकटी म्हणाली. "ताई गॅसपाशी उभी होती. तुला माहीत होतं की पाणी कसं असणार आहे. आणि तू गाठी मारत होतास."

डॉक्टरला जोर आला. "बघा! बघा हा माणूस! मी आधीपासून सांगत होतो—"

"तुम्ही बोलूच नका हो," थोरली म्हणाली. वेदनेने तिचा आवाज बारीक झाला होता, पण डॉक्टरची मान आपोआप खाली गेली. "काल अर्ध्या वेळात पोचलो तेव्हा छाती फुगवून उभे होतात. एकदा तरी विचारलंत स्वतःला, असं कसं झालं? हिने विचारलं तर हिलाही उडवून लावलंत. हिच्या नवऱ्याने सांगितलं नाही हे खरं. पण सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

बाहेर दोऱ्या खांबावर आपटत होत्या.

थोरलीने चांगला हात पुढे केला. "तो कर्कटक दे गं इकडे."

धाकटीने मला फळीतून उपटलं. माझं एक टोक वाकलं होतं. थोरलीने मला तळहातावर घेतलं आणि वडिलांचा हात धरावा तसं थोडा वेळ धरून ठेवलं. त्या हाताचं ते गरम दुःख माझ्या पितळेत उतरलं, हे मी खोटं सांगत नाही.

"याच्यावरूनच सुरू झालं ना सगळं?" ती म्हणाली. "बाबांनी एकाला दिला आणि दुसऱ्याच्या पोटात दुखलं. मग आता वाटणी करून टाकू. हत्यारांच्या पेटीतला पेचकस आण."

"ताई, अगं..." डॉक्टर म्हणाला. त्याने बायकोला ताई म्हटलं, इतका तो भांबावला होता.

थोरलीने एका हाताने मला टेबलावर दाबून धरलं. धाकटीने माझ्या डोक्यावरच्या स्क्रूत पेचकस घातला आणि सगळं वजन टाकून फिरवला. त्या तिरसट कारागिराने बसवल्यापासून तो स्क्रू कोणी हलवला नव्हता. तो करकरला, आणि सुटला. माझे दोन पाय टेबलावर दोन बाजूंना पडले. धाकटीने एक भाऊजींपुढे ठेवला, एक नवऱ्यापुढे.

"घ्या," ती म्हणाली. "आता दोघांचंही समाधान."

मग दोघींनी आपल्या पिशव्या भरल्या. एकीचा हात गळ्यात असल्यामुळे दुसरीने दोन्ही पिशव्या उचलल्या. धक्क्यावरून चालत त्या फेरीबोटीच्या थांब्याकडे गेल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. नौका परत न्यायला कंपनीने आपला नाखवा पाठवला. दोन्ही साडू त्याच्यामागे, नौकेच्या दोन कडांना बसून परत आले. वाटेत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. नाखव्याने मात्र पडद्याकडे बघत पूर्ण वेळ शीळ घातली.

तर मित्रांनो, सध्या मी दोन घरांत राहतो. माझा एक पाय दवाखान्यात आहे. डॉक्टर त्याने औषधांच्या पुड्या फोडतो. दुसरा मोजणीदाराच्या टेबलावर पेन्सिलींच्या डब्यात आहे, आणि तो त्याला हातही लावत नाही. एका पायाने मला काही मोजता येत नाही. मी कुठे आहे आणि कुठे जायचं आहे, ते मला कळत नाही. बहिणी आता दोन्ही घरांपासून दूर, बागेजवळच्या एका चहाच्या दुकानात भेटतात. बसून बोलतात, खूप वेळ. एवढी एक गोष्ट बरी झाली, आणि तीही नवऱ्यांना वगळून.

तुम्हाला चार शब्द सांगून मी गप्प बसणार आहे. आपली हत्यारं पुसून ठेवत जा, त्यांनी बाकं कोरू नका. आणि डोळ्यांसमोर कोणी चुकत असेल तर त्याला तिथल्या तिथे सांगा. तो तुम्हाला आवडत नसेल तर आधी सांगा, कारण तेव्हाच गप्प बसायचा मोह सगळ्यात जास्त होतो. आणि तुम्हाला कोणी चूक दाखवली तर ती दाखवणारा कोण आहे हे बघत बसू नका. मी तिरसट आहे, पण हे मी मनापासून सांगतोय.

मला पुन्हा जोडणं अवघड नाही. माझा स्क्रू धाकटीच्या पर्समध्ये, नाण्यांच्या कप्प्यात आहे. तिने दोघांनाही निरोप पाठवला आहे की स्क्रू हवा असेल तर दोघांनी मिळून मागायला यायचं, एकट्याने आलेलं चालणार नाही. चहाच्या दुकानात त्या दोघी बसतात त्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. परवा वेटरने विचारलं, या दोन रिकाम्या खुर्च्या नेऊ का? धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "राहू देत आज."